कालिंदीच्या मुलाचं नाव

या, जरा जवळ सरा. कीर्तनातलीच गोष्ट सांगते, पण ऐकून तोंड कडू होईल, आधीच सांगून ठेवते.

कालिंदी माझी शेजारीण. भोईवाड्यात आमच्याच चाळीत राहते, मूळची मालवणकडची. तिची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्याचं नाव तिनं धोंडू ठेवलं. धोंडा म्हणजे मोठा, ओबडधोबड दगड. यम बघेल, आपल्या कामाचा नाही म्हणून टाकून जाईल. आपल्याकडे घरोघरी असे धोंडू आहेत. हा जगला, गिरणीत लागला, आणि आता संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात आहे. आत त्याला ताप येतोय, असा निरोप आला.

म्हणून परवा देवळात कीर्तनाला कालिंदीनं रघुवीरबुवांपुढे नारळ ठेवला. आरतीआधी मुलासाठी देवाला गाऱ्हाणं घाला म्हणाली.

बुवांनी नाव ऐकलं नि त्यांना विनोद सुचला. "धोंडा. संस्कृतात शोधा, सापडायचा नाही. रानटी शब्द. ज्याला आकार नाही, अक्कल नाही, तो धोंडा. नापास पोराला मास्तर काय म्हणतो? आणि इथं आई त्याच नावानं बारसं करते."

लोक पोट धरून हसले. मला किळस आली. अंगावरून पाल गेल्यासारखं झालं. याच तोंडून मी तासभर देवाचं नाव ऐकत होते.

मग बुवांनी डोळे मिटले. "देवा, या धनंजयाला सांभाळ."

कालिंदी उभी राहिली. "बुवा, माझ्या झिलाचा नाव धोंडू."

"बाई, देवापुढे जरा बरं नाव घ्यावं. त्याला कळतं सगळं."

"देवाक कळता. यमाक कळाक नको, म्हणान ता नाव ठेवलंय."

पुन्हा हशा. बावीस वर्षं तिनं त्याला लाडानं कधी राजा म्हटलं नाही, आणि बुवांनी सगळ्यांदेखत त्याला भारी नाव देऊन टाकलं.

आरतीआधी कीर्तनातून उठू नये. चाळीस वर्षांत मी उठले नव्हते. परवा उठले. बुवांच्या पाया पडले नाही, त्यांच्या हातचा बुक्काही लावला नाही. कालिंदीला धरून बाहेर पिंपळाखाली आणलं. तिथला देव म्हणजे शेंदूर फासलेला, टाकीचा घाव न लागलेला धोंडाच. त्याच्यापुढे दोघींनी पहिल्यापासून गाऱ्हाणं घातलं.

धोंडू अजून सुटलेला नाही. ताप उतरला की नाही, तेही कळलं नाही. आज सांजवात लावाल तेव्हा कालिंदीच्या धोंडूची आठवण काढा. नाव मात्र सुधारू नका.