तीन सूर खाली

"हा नोका घेऊ, काकाजी," मी चौथ्यांदा म्हटलं. "आवाज गोड हाये, पन खोटा हाये."

रूपरावजींनी ऐकलं नाही. हिंगणघाटच्या त्या बंद होत आलेल्या मिशन-बंगल्यात, चादरी टाकून झाकलेल्या खुर्च्यांच्या मधोमध ते माझ्याकडे पाठ करून बसले होते आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होते. आमच्या चर्चच्या मंडळीत गाणी नावानं नाही, क्रमांकानं ओळखतात. हे एकशे बारा होतं, संध्याकाळच्या उपासनेचं.

समोर दोन इलेक्ट्रिक ऑर्गन होते. बंगल्यातली शेवटची मॅडम मायदेशी गेली होती. वर्ध्याच्या मंडळीनं दोन्हींतला एक आधी निवडावा, उरलेला दुसऱ्या गावाला जाईल, असं ती सांगून गेली होती. एक जपानी होता. दोन माणसांनी उचलून रिक्षात घालावा इतका हलका, आणि बटण दाबलं की त्यातून ढोलसुद्धा वाजायचा. दुसरा अमेरिकेचा, पंचवीस-तीस वर्षांचा, दोन मजली पट्ट्यांचा, कपडे ठेवायच्या कपाटाएवढा. आमच्या पंचकमिटीनं बजावून पाठवलं होतं की रविवारी चर्चमध्ये वाजेल आणि आठवडाभर घरोघरच्या प्रार्थनेला नेता येईल, असा बघून आणा. म्हणजे निवडायला फारसं डोकं लागणार नव्हतं.

माझं डोकं मात्र मी लावलं होतं. बोरगाव मेघेला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. हिंगणीपासूनच्या विहिरींवरच्या मोटारी जळल्या की माझ्याकडे येतात. मशीन दिसलं की मी आधी त्याची पाठ उघडतो. अमेरिकन ऑर्गनच्या पाठीवर एक पितळी पट्टी होती आणि तिच्यावर साठचा आकडा होता.

"काकाजी, तिकडं करंट सेकंदाले साठ सायकलचा असते, आपल्याकडं पन्नासचा. याच्या पोटात मोटार हाये. तिच्यावर चाकं फिरतेत, अन् चाकांतून सूर निघतेत. मोटार हळू फिरून राह्यली, म्हणून सगळेच सूर खाली. तुम्ही पांढरी पाच दाबता अन् वाजते पांढरी तीन."

"म्हणजे मधले काळे धरून तीन सूर खाली."

"होय. बिघाडच म्हना."

"हिरालाल," ते म्हणाले, "बंद नोको करू. आनखी एकदा वाजवतो."

रूपराव पारखे वर्धा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. आंब्याच्या पेट्या, सायकली, कोंबड्यांची खुराडी, सगळ्यांवर त्यांच्या हातची चिठ्ठी लागायची. ऑफिसात त्यांना कोणी विचारत नव्हतं आणि गावात कोणी ओळखत नव्हतं. पण रविवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते चर्चच्या पायपेटीवर बसले की पाळकसुद्धा त्यांच्या मानेच्या इशाऱ्याची वाट पाहत. सत्तावीस वर्षं त्यांनी ती पेटी पायांनी हाणली. मग उंदरांनी तिचा भाता खाल्ला आणि त्यांच्या गुडघ्यांनीही राजीनामा दिला, म्हणून ही ऑर्गनची शोधाशोध.

त्यांच्या पत्नी सुमित्राबाई बायकांच्या बाजूला, खिडकीपाशी बसायच्या. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. एकशे बारा त्यांचंच होतं. शेवटचा सूर त्या सगळ्यांपेक्षा जास्त धरायच्या. मंडळी थांबायची, पुस्तकं मिटायची, तरी त्यांचा सूर चालूच, आणि तो सुटेपर्यंत रूपरावजी बिचारे पाय मारत राहायचे. आम्ही पोरं हसायचो. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज खाली उतरला. वरचे सूर लागेनात. दोन वर्षं त्या पुस्तकाचं बरोबर पान उघडून, ओठ मिटून बसत होत्या.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी पन्नास आणि साठमध्येच अडकलो होतो.

बंगल्याची देखरेख करणाऱ्या प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या. "मंग, कोनता?"

रूपरावजींनी अमेरिकन ऑर्गनवर हात ठेवला. "हा."

"आवो, हा तं खाली बोलते. मॅडमनं त्याच्यासाठीच बाजूले ठेवला होता."

"असू द्या," रूपरावजी म्हणाले.

ऑर्गन वर्ध्याला ट्रकनं आला. पंचकमिटीचे अण्णाजी त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बकरी सोडून हत्ती आनला, रूपराव. घरोघरी नेनार हा? आता आपल्याच दारात बांधा." मग माझ्याकडे वळले. "अन् तू रे? तुले कायले पाठवलं होतं?" मलाही रूपरावजींचा रागच आला होता.

अण्णाजींचं म्हणणं शब्दशः खरं झालं. चर्चच्या छताची कवेलू बदलायचं काम निघालं होतं, ते ईस्टरपर्यंत चालणार होतं. तोवर ऑर्गन रूपरावजींच्या समोरच्या खोलीत ठेवायचा ठरला. खाट बाहेर गेली, हत्ती आत आला.

वायर टाकायला मी गेलो. जाड वायर, थ्री-पिन, अर्थिंग, सगळं केलं आणि ऑर्गनच्या मागच्या फटीत उताणा पडून शेवटचे स्क्रू आवळत होतो. रूपरावजींनी सुरू करायचा खटका दाबून धरला, मोटार घुमू लागल्यावर दुसरा दाबला, आणि एकशे बारा सुरू केलं. मी तिथं आहे हे ते बहुधा विसरले.

स्वयंपाकघरातून सुमित्राबाई आल्या. मला फक्त त्यांची पावलं दिसत होती. ती उंबऱ्यावर थांबली. पहिलं कडवं नुसतंच गेलं. दुसऱ्या कडव्याला त्या गाऊ लागल्या.

आवाज पूर्वीचा नव्हता. जाडसर होता, कडेला थोडा फाटलेला. पण प्रत्येक सूर लागत होता. गाणंच त्यांच्यासाठी तीन पायऱ्या खाली उतरून आलं होतं. हिंगणघाटला मला जे समजलं नव्हतं, ते तिथं धुळीत पडल्या पडल्या समजलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

गाणं मध्येच थांबलं. रूपरावजींनी हात काढले होते.

"ऑपरेशननंतर तू म्हटलं होतं, थोडं खाली घ्या म्हणून."

"हो. तुम्ही म्हनले, देवाचं गानं पुस्तकात लिहिलं तसंच वाजवा लागते."

"खोटं बोललो मी. मले पट्टी बदलताच येत नाई, सुमित्रा. तो भजनात पेटी वाजवनारा तानबा, दुसरीपर्यंतच शिकेल मानूस, गानाऱ्याचा गळा पाहून चट्‌दिशी पट्टी बदलते. मले नाई येत. मिशनच्या मॅडमनं पुस्तकावरून जशी बोटं ठेवाले शिकवलं, तशीच पडतेत. दुसरीकडं ठेवली का आंधळा होतो मी. सत्तावीस वर्षं झाली."

सुमित्राबाईंची पावलं उंबरा ओलांडून आत आली.

"मले माहीत होतं," सुमित्राबाई म्हणाल्या.

"कवापासून?"

"लग्न झाल्याच्या पयल्या नाताळापासून."

"मंग बोलली काऊन नाई? दोन वर्षं तोंड मिटून बसली तू."

"काय बोलू? चार लोकांत तुमचं तेवढंच तं हाये."

मी स्क्रू तसाच मुठीत धरून पडून राहिलो. बाहेर यावं की नाही, कळेना. शेवटी सुमित्राबाईच म्हणाल्या, "वाजवा आता. तिकडं कांदा करपून राह्यला," आणि त्या कांदा सोडून तिथंच उभ्या राहून शेवटपर्यंत गायल्या. शेवटचा सूर त्यांनी इतका धरला की मला हसू आलं आणि रडूही आलं.

तो हिवाळा त्या दोघांचा होता. दुकान बंद करून सायकलवर त्या घरावरून जाताना दर संध्याकाळी दोघांचं चाललेलं असायचं. एकदा मी म्हटलं, "काकू, आता ईस्टरले चर्चमध्ये होऊन जाऊ द्या." त्या म्हणाल्या, "होईल रे. छत तं होऊ दे."

छत व्हायच्या आधी गाठ परत आली. या वेळी ऑपरेशन करायला कोणी तयार झालं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुमित्राबाई गेल्या. समोरच्या खोलीत शवपेटी ठेवायला जागा होईना, म्हणून आम्ही चौघांनी ऑर्गन भिंतीला सरकवला. त्या दिवशी तो कोणी उघडला नाही.

ईस्टरला ऑर्गन चर्चमध्ये गेला. आठ माणसं लागली. आणि मग कुरकुर सुरू झाली. पोरं म्हणत, विहिरीत उतरून गायल्यासारखं वाटते. अण्णाजी म्हणत, हत्ती तो हत्ती, वर आजारी.

जूनमध्ये ते माझ्या दुकानात आले. टेबलावर हिंगणीची एक जळकी मोटार उघडी पडली होती. ते तिच्या काळ्या तारांकडे बघत उभे राहिले.

"त्या ऑर्गनचं साठ सायकलचं काही होते का रे?"

"होते. नागपूरले एक रेडिओवाला करंट बदलाचा डबा बनवून देते. पन काकाजी..."

"करून टाक."

"काकाजी, मी तिथंच होतो त्या दिवशी. ऑर्गनच्या मागं."

"माहीत हाये. तुहे पाय दिसत होते." त्यांनी एक जळकी तार बोटानं सरकवली. "आता कोनासाठी खाली ठेवू?"

मी डबा आणून बसवला. सूर वर आले. मंडळी खूश झाली आणि अण्णाजींनी भर चर्चमध्ये माझी पाठ थोपटली. एवढी चांगली कामगिरी करून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

पुढं पावसाळ्यात कोणीतरी बातमी आणली की रूपरावजी दर गुरुवारी तानबाच्या भजनाला जाऊन बसतात. थोडी कुजबुज झाली. पाळक म्हणाले, एकटा माणूस आहे, कुठंतरी बसेलच. विषय तिथंच संपला.

सुमित्राबाईंना वर्ष झालं त्या रविवारी लाकडी पाटीवर एकशे बाराचा आकडा लागला. सकाळच्या उपासनेला हे गाणं आम्ही घेत नाही, पण कोणी काही विचारलं नाही. मी तिसऱ्या बाकावर होतो. रूपरावजींनी सुरुवात केली. सूर खाली होते. बरोबर तीन सूर खाली.

त्यांना पट्टी बदलता येत नाही हे मंडळीत फक्त मला माहीत होतं. म्हणजे डबा जळला असणार. आजच्याच दिवशी! मी ताडकन उठलो आणि वाकून ऑर्गनच्या मागं गेलो. डबा कोमट होता. लाल दिवा चालू होता. काटा साठवर उभा होता.

मी मान वर केली. रूपरावजींची बोटं मला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसली. पांढरी पाचच्या गाण्यात एक काळी पट्टी लागते. तिथं आता त्यांची बोटं चार काळ्यांवरून जात होती, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखी, एक एक चाचपत. एकदा चुकली. त्यांनी मागं जाऊन ती ओळ पुन्हा घेतली. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

पुढच्या बाकावरून अण्णाजी कुजबुजले, "बिघडला काय रे?"

"नाई," मी म्हणालो. "बरोबर हाये."

बायकांच्या बाजूला खिडकीपाशी एका माणसाची जागा वर्षभर रिकामीच राहत होती. तिच्या शेजारच्या बायकांकडून गाणं सुरू झालं आणि मग सगळी मंडळी त्या पट्टीत आली. पोरंही गायली. विहिरीचं नाव कोणी काढलं नाही.

गाणं संपलं. मंडळी थांबली, पुस्तकं मिटली, पाळक प्रार्थनेला उभे राहिले. रूपरावजींनी शेवटच्या सुरावरची बोटं उचलली नाहीत. आता पाय मारायची गरज नव्हती, तरी खाली त्यांचा उजवा पाय हळूहळू हलत होता. पाळक वाट पाहत राहिले. सुमित्राबाई जितका वेळ धरायच्या, तितका वेळ रूपरावजींनी तो सूर धरला, आणि मग हात मांडीवर ठेवले.