तिठ्यावरचं नाव

‘ए, रस्त्यावर सापडलेल्याचा नातू!’

शाळेमागच्या गल्लीतली ती हाक. हाक मारणारे केव्हाच मातीआड गेले, तरी चढण चढताना स्तामेनच्या कानात ती अजून घुमत होती. धाप लागून म्हातारा दगडावर टेकला.

“बाबा, आता एवढंच घर,” लेक राडा म्हणाली.

“मागच्या गावातही तू हेच म्हणालीस.”

नायदेनोव हे त्याचं आडनाव आजोबांच्या नावावरून आलेलं. नायदेन म्हणजे सापडलेला. पितरांच्या शनिवारी स्मशानात उकडलेले गहू वाटताना स्तामेन एकेका पितराचं नाव घेई आणि आजोबांपाशी थांबे; त्यांच्या आईबापांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती. टाकून देणाऱ्यांच्या नावानं घास कसला? पण डोळे मिटण्याआधी एकदा खरं कळावं, एवढीच आता त्याची आस होती.

त्या घरात चुलीपाशी घेवडा सोलत बसलेली म्हातारी त्सोनाआजी त्याचं म्हणणं ऐकून हसली.

“टाकलेला? अरे खुळ्या, त्या घरात तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथं झालं, ते तिठ्यावर नेऊन ठेवलं. पहिला वाटसरू उचलतो, तोच नाव ठेवतो. मरणाला वाटतं, पोर परक्याचं. तुझ्या आजोबाला माझ्या आजीनं उचललं, आणि आमच्याच घरी वाढवलं.”

स्तामेननं टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ तो तिच्यावरून हात फिरवत राहिला.

“मग आई कोण त्याची?”

आजीचे हात थांबले. “ते उच्चारायचं नसतं. वंश आहे तोवर मरण कान देऊन असतं. शपथ आहे मला.”

“आजी, माझ्या गुडघ्यांनी त्याला कधीच आवतण धाडलंय. पत्ता लागला तर लागू दे. घासाला नाव लागतं.”

आजीनं त्याच्याकडे नाही, राडाकडे पाहिलं. राडा खाली बसली, आजीच्या ओच्यातल्या मूठभर शेंगा घेऊन सोलू लागली.

“सांगा, आजी.”

चुलीतलं लाकूड कोसळलं. आजीनं ते सारखं केलं.

“नेदा,” ती म्हणाली. “आमच्याच घरी दाई म्हणून राहिली. दूध तिनंच पाजलं. तुझा आजोबा मोठा होऊन शहराकडे निघाला, तेव्हा वेशीपर्यंत गेली पोचवायला. तो तिला शेवटपर्यंत मावशी म्हणाला. आणि तिनं म्हणू दिलं.”