मागुराचा डोळा

आमच्या घरात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नव्हतं. मामाजींना काही सांगायचं तर मी सासूबाईंना सांगायची, आणि मामाजी तिथंच खाटेवर बसलेले असले तरी सासूबाई तेच पुन्हा त्यांना सांगायच्या. नऊ वर्षं हा खेळ चालला. राग यायचा, पण डोळ्यांपर्यंत पदर ओढून मी तो गिळायची.

मामाजी म्हणजे मनोहरलाल. आमगावात त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि माझे यजमान तर त्यांच्यापुढे मानही वर करत नसत. त्यांचा उजवा डोळा लहानपणीच देवीच्या आजारात गेला होता. पंचावन्न साली डाव्यात मोतीबिंदू उतरला आणि माणसांच्या नुसत्या सावल्या दिसू लागल्या.

बैठकीत त्यांनी नागपूरहून आणलेली काचेची पेटी होती. तिच्यातले रंगीत मासे महिनाभरात मेले, तेव्हा त्यांनी हट्टानं शेतातल्या तळ्यातला मागूर आणून सोडला. काळा, गुळगुळीत, लांब मिशांचा. त्याचं खाणंपिणं माझ्याकडे होतं.

त्या उन्हाळ्यात मागूर पेटीच्या पत्र्याच्या कडेवर घासला आणि त्याचा डावा डोळा सुजून पांढरा पडला. मी रोज थोडं पाणी बदललं, चिमूटभर मीठ घातलं. सूज उतरली, पांढरेपणा गेला नाही.

"त्याचाही डावाच," मामाजी म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी खाट पेटीशेजारी ओढून घेतली. मला ते काही बरं वाटलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एक फिरता वैद्य आला. मोतीबिंदू सुईनं काढतो, दवाखान्यात पडून राहायला नको, असं सांगत होता. गोंदियाच्या दवाखान्याची मामाजींना भीती वाटायची, पण तसं कबूल करणारा माणूस तो नव्हे.

"पहले मछली का करके दिखाओ," ते वैद्याला म्हणाले.

वैद्यानं कल्ल्याजवळच्या काट्यापासून बोटं जपत ओल्या फडक्यात मागूर धरला आणि डोळ्यावरचा पांढरा पापुद्रा सुईनं खरवडला. मागूर नुसता थरथरत होता. खालचा काळा डोळा उघडा पडला तेव्हा बघायला जमलेल्यांनी वाहवा केली.

"तीन दिन देखो," वैद्य म्हणाला. "उस बाजू से दाना लिया, तो समझो दिखता है."

तीन दिवस मी डाव्या बाजूनंच कणकेच्या गोळ्या टाकल्या. मागूर लगेच वळून गोळी घ्यायचा.

"सूनबाईले विचार, घेते का?" मामाजी सासूबाईंना म्हणायचे.

"त्याच बाजूनं घेऊन राहिला," मी सांगायची. खोटं कशाला बोलू, मला मोठा आनंद व्हायचा. त्या घरात माझ्या शब्दाला पहिल्यांदाच मोल आलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी वैद्य ओसरीवर मामाजींसमोर बसला. मागच्या दारी धुरपताबाई ढिवरीण मासळी घेऊन आली होती. मी तिला मोठ्या तोऱ्यात मागुराची गोष्ट सांगितली. ती हसायलाच लागली.

"मागुराले डोळ्याचं का काम आहे व बाई? चिखलात राहते तो. मिशीनंच खाणं शोधते. दोन्ही डोळे फोडले तरी गोळी घेईल."

मी पेटीशी धावले. उजव्या बाजूनं काचेजवळ हात हलवला, तर मागूर दचकून कोपऱ्यात गेला. तो पुन्हा स्थिर झाल्यावर डाव्या बाजूनं हलवला. तो जागचा हलला नाही.

"मामाजी, थांबा!" मी ओसरीवर धावत आले. डोक्यावर पदर नाही, समोर परके पुरुष.

काम उरकून वैद्य सुई धोतराला पुसत होता. मामाजींनी माझ्याकडे तोंड वळवलं, आणि डोळ्यात पाणी घेऊन ते हसले.

"चमेली? कपाळावर गोंदण आहे का व तुह्या? मले दिसून राहिलं!"

वैद्यानं लगेच पट्टी बांधली. सात दिवस सोडायची नाही, म्हणाला. हसत असलेल्या त्या माणसाला मी काय सांगणार होते? दुपारच्या गाडीनं वैद्य निघून गेला.

मामाजी आता माझ्याशी सरळ बोलू लागले. येईल त्याला माझ्या गोंदणाचं सांगायचे. सातव्या दिवशी सगळ्या भाऊबंदांना जेवायला बोलावलं होतं. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी ताट परत पाठवलं. पट्टीखालचा गाल सुजला होता, कापडावर पिवळा डाग पसरला होता आणि जवळ गेलं की वास यायचा.

"मामाजी, गोंदियाले चला," मी म्हणाले. "माशाले त्या डोळ्यानं दिसत नाही. घेते म्हणून सांगितलं ते माह्यी चूक झाली."

त्यांनी बोटांनी पट्टी चाचपली.

"पहिल्या दिवशी पट्टीतून उजेड दिसे," ते म्हणाले. "परवापासून तोही नाही."

"मंग बोलले काऊन नाही?"

"पट्टी सोडेपर्यंत सारे समजतेत का मले दिसते. तीन दिवस राहिले, चमेली. तेवढे राहू दे."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. हात तापानं भाजत होता. मी तेव्हाच ओरडून घर गोळा करायला हवं होतं, बैलगाडी जुंपायला लावायला हवी होती. मी त्यांच्या उशाशी बसून राहिले, आणि सासूबाई आत भाऊबंदांच्या जेवणासाठी तांदूळ निवडत होत्या.