पडद्याआड गेलेलं घड्याळ

बोरी बुद्रुकचा चांगदेव हवालदार जुन्नरला घड्याळ घ्यायला निघाला, तेव्हा त्याची बायको गोजरबाई एवढंच म्हणाली, "या खेपेला तरी उघडून बघा."

तिचं काही चुकत नव्हतं. लढाईत इटलीला असताना चांगदेवनं आपल्या साहेबाच्या मनगटावर सोन्याचं स्विस घड्याळ पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून जाता जात नव्हतं. फौजेतून सुटून आल्यावर त्यानं मुंबईला एका फूटपाथवर थेट तसंच दिसणारं घेतलं. आठव्या दिवशी ते बंद पडलं. उघडलं तर आत भलत्याच घड्याळाचं भंगार, आणि ते हलू नये म्हणून दाबून बसवलेला कागदाचा बोळा. अख्ख्या गावानं तो बोळा हातात घेऊन पाहिला होता.

जुन्नरची ही खेप पंचावन्न सालची. सदाबाजारातल्या वजीर घड्याळजीकडे एक अस्सल सोन्याचं घड्याळ विकायला आल्याचं चांगदेवला कळलं होतं. पुण्याच्या कुणा पारशी इंजिनिअरचं. किंमत चांगल्या बैलजोडीची.

वजीरनं गादीखाली चाचपून मखमलीची डबी काढली. पांढरी तबकडी, केसासारखे बारीक काटे. चांगदेवनं पट्टा तिसऱ्या भोकात अडकवला, मनगट कानाशी नेलं. ठोका एकसारखा पडत होता. त्याला इतकं आवडलं, की लगेच संशय आला.

"मागचं झाकण उघडा. मला आतलं बघायचंय."

"हवालदारसाहेब, इथं रस्त्याची धूळ येते. आत उघडतो, तपासून देतो."

"आत्ताच तर सडा मारलाय रस्त्यावर. धूळ कुठली आली?"

वजीर नुसता हसला. हात पुढं करून घड्याळ मागून घेतलं आणि मागच्या पडद्याआड गेला.

चांगदेव ताठ बसला. मघाशी तो दुकानात आला, तेव्हा पोस्टातल्या एका शिपायाचं घड्याळही त्याच्यादेखत असंच आत गेलं होतं. वजीरनं त्या घड्याळाकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं. पडद्यामागं कुणीतरी कुजबुजलं. काहीतरी बारीक खणकन वाजलं. चांगदेवच्या डोळ्यांपुढं तो कागदाचा बोळा उभा राहिला.

पाव तासानं वजीर बाहेर आला. "पाहिलं. सगळं अस्सल आहे, यंत्रातले सतराही खडे."

चांगदेवनं घड्याळ हातात घेतलं. पट्टा आता पाचव्या भोकात होता.

"तुमी पाह्यलं. मी कुठं पाह्यलं?" तो उठला. "आत कोन बसलंय? बदलून दिलं का काय मला?"

"हवालदारसाहेब, आत घरातली माणसं..."

वजीर आडवा येण्याआधीच चांगदेवनं पडदा सारला.

आतल्या खिडकीचा उजेड एका बुटक्या मेजावर पडला होता. मेजावर पांढरं फडकं, आणि त्याच्यापुढं डोळ्याला भिंग लावून एक विशी-बाविशीची मुलगी. तिच्या चिमट्यात शिपायाच्या घड्याळाचं इवलंसं चाक होतं. चांगदेव ओशाळून मागं सरला.

"माफ करा, ताई."

"माझी नसीम," वजीर हळू म्हणाला. त्यानं दाराची चौकट धरली होती. "दोन वर्षं झाली, डोळ्यांपुढं धुकं आलंय. सगळं काम हीच करते. पण मुलीच्या हातात घड्याळ कोण देणार? बाहेर बोलू नका, एवढी मेहरबानी करा."

चांगदेवला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून संशय गेला नव्हता.

"मग आता माज्यासमोर उघडा," तो म्हणाला.

"बसा ना," नसीम म्हणाली. तिनं शिपायाचं चाक वाटीखाली झाकून ठेवलं, चांगदेवच्या घड्याळाचा पट्टा मघासारखाच सोडून ते पालथं घेतलं आणि झाकण अलगद सोडवलं. मग भिंग त्याच्या हातात दिलं. चांगदेवनं श्वास रोखून पाहिलं. डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल खडे चमकत होते, आणि एक चाक न थांबता उलटसुलट डुलत होतं. नसीमनं झाकणाच्या आतला नंबर वाचला आणि मूळ पावतीवरचाही दाखवला.

"आणखी एक," ती म्हणाली. "किल्ली द्यायचा दांडा मूळचा नाही, कुणीतरी बदललाय. चालायला काही होणार नाही. पण तेवढे पैसे कमी द्या."

"नसीम!" वजीर म्हणाला.

"अब्बा, त्यांना कळायला हवं."

चांगदेवनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आपल्या मालातलं उणं आपणहून सांगणारं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं. त्यानं घड्याळ घेतलं. दांड्याचे पैसे मात्र वळते करून घेतले.

दुकानाबाहेर आळे गावचा सावळेराम खिशातलं घड्याळ घेऊन घुटमळत होता. त्यानं चांगदेवला बाजूला ओढलं. "हवालदार, ह्या वजीरला म्हनं दिसत न्हाई. द्यावं का नगं ह्याच्याकडं?"

"द्या बिनघोर."

"तुमी पाह्यलं का काम करताना?"

"म्होरं बसून पाह्यलं. आसा हात सगळ्या जुन्नरात न्हाई."

सावळेराम दुकानाची पायरी चढला. आत वजीरनं ते सगळं ऐकलं असावं. त्याचा "या, या" नेहमीपेक्षा मोठ्यानं आला.

चांगदेव पेठेनं चालू लागला आणि सराफाच्या दुकानापाशी थबकला. जावं की नको, असं त्याचं मिनिटभर झालं. शेवटी तो आत शिरलाच. सराफानं पट्ट्याच्या सोन्याच्या बकलाची कड कसोटीच्या दगडावर घासून पाहिली. "चोख आहे. का हो, शंका होती?"

"न्हाई," चांगदेव म्हणाला, आणि ते खोटं बोलताना त्याची त्यालाच लाज वाटली. घड्याळ दिसावं म्हणून बाही दुमडून वर करत तो एस.टी. गाठायला निघाला.