बारा घरांची चूल

राजीला आधी नदीची भीती वाटलीच नव्हती. वाटेल कशी? भीमेकाठी जन्म, भीमेतच पोहणं! गाव धरणात जाणार म्हणून सरकारी ट्रकांत बसून बारा घरं मंद्रूपच्याही खाली, थेट कर्नाटकाच्या हद्दीला आली, तेव्हा तिथंही समोर भीमाच दिसली आणि सगळ्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

सरकारनं प्लॉट आखले होते वर, उघड्या माळावर. तिथून कोण हंडे वाहणार? बाराही घरांनी खाली काठालाच कुडाची छपरं उभारली. पहिली चूल राजीच्या बापाची, महिपतीची. त्यांच्यात रीतच होती तशी. नवं गाव बसवायचं तर चूल एकानं पेटवायची, बाकीच्यांनी त्यातला विस्तव न्यायचा, आणि दसऱ्यापर्यंत ती चूल विझू द्यायची नाही, जागची हलवायची तर मुळीच नाही. हलली की गाव फुटलं! महिपती त्या मानामुळं असा फुगला होता की चुलीशेजारीच झोपायचा.

एकदा राजी बाभळीवरचं वाळकं गवत आकडीनं ओढत होती. फांद्याफांद्यांत असे झुबके अडकलेले. बायका त्यांना घारीची घरटी म्हणत आणि जाळायला नेत. ते बघून शेळ्या राखणारी म्हातारी नागव्वा पोट धरून हसली.

"अगं तंगी," ती म्हणाली. धाकट्या बहिणीला कानडीत तसं म्हणतात. "घार कुटली? ही घरटी नदीनं बांधल्याली हायती."

"नदीनं?"

"तुमच्याकडं एकच नदी. हितं वर सीना मिळतीया हिला. दोघी संगट आल्या की पाणी तितवर."

राजीनं हात उंच केला. गवत हाताच्याही वर लोंबत होतं. तिनं वळून आपलं छप्पर पाहिलं. ते त्याहून बुटकं होतं. गवत तिथंच टाकून ती बापाकडं पळाली, छपरं वर माळावर न्या म्हणून सांगायला.

"वा गं वा! सातवी शिकलीस म्हणून बापाला नदी शिकवतीस व्हय?" महिपती म्हणाला. "आबाळ बघ. चार दिस थेंब न्हाय. पाऊस न्हाय तर पूर कुटनं यील?"

शेजारचा श्रीमंतकाका तर म्हणाला, "हिला रेडिओवर धाडा की, हवामान सांगंल!"

आभाळ खरंच निळंशार होतं. राजीला त्याचीच जास्त भीती वाटली. पाऊस वर लांब कुठं पडत असेल तर इथं कुणाला कळणार?

तिनं पाण्याच्या कडेला काटकी खोवली. दुसऱ्या दिवशी दुपारी काटकी दिसेना. वीतभर वर दुसरी खोवली. शेळीची धार काढून येते तो तीही गेली. पाणी लालसर, जाडसर, आणि आवाज म्हणून नाही! नदी ओरडत आली असती तर लोक तरी उठले असते. ही मांजरासारखी येत होती.

आता बायका बोचकी बांधू लागल्या, पण दारातून कुणाचा पाय निघेना. चूल हलली नव्हती ना! आणि महिपती चुलीपुढं मांडी घालून बसलेला.

"आबा, उठा की वं!"

"ही हालली तर गाव मोडलं, राजे. कोण करकंबला भावाकडं जाईल, कोण सोलापूरला गिरणीत. मग आपुन कुणाचं?"

त्याचा आवाज कापत होता. बापाचा आवाज कापतो, हे राजीनं जन्मात ऐकलं नव्हतं. आई, रंभाबाई, धाकट्याला खांद्यावर घेऊन नुसती उभी. पाणी दारात आलं.

राजीनं घमेलं ओढलं. त्यात राख पसरली, वर चिमट्यानं निखारे भरले. आता पाठीत बसणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. बापाचा हात उठला नाही.

परकराच्या घोळानं घमेल्याच्या कडा धरून ती माळाकडं निघाली. मागं बघायचं धाडस नव्हतं, म्हणून नुसती ओरडत राहिली, "चूल निघाली! चला, चूल निघाली!" चढावर हात भाजत होते. मग मागं भांड्यांचा खणखणाट ऐकू आला, शेळ्यांचं ओरडणं, पोरांचं रडणं. गाव निघालं होतं.

माळावर तिनं तीन दगड मांडून निखारे ओतले. सगळे भोवती उभे राहिले, पण विस्तव न्यायला कुणी पुढं होईना. पोरीनं हलवलेली चूल! श्रीमंतकाकानं तर बोचकं डोक्यावर घेतलं.

"आमी जातो आता करकंबला."

"जा की!" त्याची आई मथुराबाई खेकसली. "आदी मला इस्तू घिऊ दी. पोरं उपाशी हायती." आणि तिनं फुटक्या मडक्याची खापरी पुढं केली. मग दुसरी आली, तिसरी आली. बोचकं खाली उतरलं.

सगळ्यांत शेवटी महिपती आला, छातीपर्यंत भिजलेला. वाकला आणि चुलीत फुंकर घालू लागला. खाली सात छपरं दिसत होती. मग सहा.

"राजे," त्यानं हळूच विचारलं, "अजून किती चढंल गं?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं.

"मला ठावं न्हाय, आबा."

तो थोडा सरकला आणि त्यानं चुलीपाशी तिला जागा करून दिली.