मनोऱ्यावरची राणी

कप्तानांच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या नदीला ठाऊक होतं. एकतीस वर्षं ते प्रवाशांची लाँच चालवत होते. खालच्या धक्क्यापासून वरच्या बंधाऱ्यापर्यंत दोन्ही काठांवर मिळून अकरा किल्ले, गढ्या आणि हवेल्या. एका हाताने चाक धरायचं आणि दुसऱ्या हातातल्या माइकवरून एकेकाचा इतिहास सांगायचा, हा त्यांचा शिरस्ता. इतिहास कसला हो, सुचेल ते! तहात गेलेला किल्ला ते घनघोर लढाईत पाडायचे, आणि धान्याच्या व्यापाऱ्याच्या हवेलीत बिनदिक्कत सरदार नेऊन बसवायचे. लोक खूश, कप्तान त्याहून खूश.

त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप होतं, कारण माइक त्यांच्या मुलीच्या हातात होता आणि तिची परीक्षा चालली होती. गाईडचा बिल्ला हवा असेल तर खऱ्या प्रवाशांना घेऊन नदीची फेरी करायची, परीक्षक शेजारी बसणार, आणि सांगायचं ते फक्त पुराव्यानिशी, असा नियम. पोर आधी दोनदा नापास झाली होती. ही तिसरी खेप, यानंतर परत बसू देत नसत. लाँच परीक्षेच्या ऑफिसातून ठरायची. ती नेमकी बापाची निघाली याला कोण काय करणार? निघताना तिच्या आईने लेकीला एक शब्द सांगितला नाही. नवऱ्याला मात्र बजावलं, की आज नुसती लाँच चालवा, इतिहास आम्हाला नको.

पोर पहिल्या किल्ल्यापासूनच छान बोलत होती. पिवळी हवेली आली तेव्हा तिने सांगितलं, की ही फक्त नदीच्या बाजूने रंगवली आहे, मागच्या भिंतीला साधा गिलावाही नाही. मालकाचा सगळा थाट होड्यांतून जाणाऱ्यांसाठी होता, आणि रंगाऱ्याशी झालेल्या कराराची नक्कल तिने जुन्या दप्तरखान्यातून स्वतः उतरवून आणली होती. प्रवासी खो खो हसले. परीक्षक बाईंनीही मान डोलावली. कप्तानांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकतीस वर्षं ती भिंत रोज बघितली, पण मागे जाऊन बघावं असं या शहाण्याला एकदाही वाटलं नव्हतं!

मग उथळ पाणी आलं. इथे लाँच मुंगीच्या पावलांनी न्यावी लागते. उजव्या काठावर तो उंच, बारीक मनोरा दिसायला लागला, तशी बाईंनी हातातली प्रश्नपत्रिका उलटली आणि म्हणाल्या, या मनोऱ्यावरून उडी घेतलेल्या राणीची हकीकत सांगा.

ती राणी कप्तानांनीच जन्माला घातली होती. लेक पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. लाँच रेंगाळली की लोक जांभया द्यायचे, म्हणून एके दिवशी त्यांनी एक राणी मनोऱ्यावर चढवली आणि दिली ढकलून. लोणकढी थाप नुसती! पण ती कुणा लेखकाने ऐकून पुस्तिकेत छापली, पुस्तिकेतून जाड पुस्तकात गेली, आणि आता जाड पुस्तकातून प्रश्नपत्रिकेत येऊन बसली होती. लेकीला ती तोंडपाठ होती, आणि ती कुणी रचली हेही ठाऊक होतं. ‘सांग गं बाई, सांगून मोकळी हो,’ कप्तान मनातल्या मनात विनवत होते. पूर्ण गुण समोर मांडून ठेवले होते, नुसते उचलायचे होते.

पोरीने माइक तोंडाजवळ नेला. मग म्हणाली, “अशी राणी कधी नव्हती. हा बंदुकीच्या छर्र्यांचा कारखाना होता. वरून वितळलेलं शिसं चाळणीतून सोडायचे, पडता पडता त्याचे गोल थेंब व्हायचे आणि खाली पाण्याच्या टाक्यात गार व्हायचे.”

लाँचवर कुजबुज सुरू झाली. दरवर्षी त्या राणीसाठी डोळे पुसणाऱ्या एक आजी पुढच्या बाकावरच बसल्या होत्या, त्या चांगल्याच रागावल्या. बाई म्हणाल्या, कारखान्याचं असेल खरं, पण म्हणून राणी नव्हती असं ठरत नाही. राणी छापील आहे. ती खोटी असल्याचा तुमच्याकडे पुरावा काय?

पुरावा होता, चार हातांवर चाक धरून उभा होता. पण पोरीने मान खाली घातली आणि ओठ मिटून घेतले. चारचौघांत बापाला खोटं पाडण्यापेक्षा ती तिसऱ्यांदा नापास व्हायला तयार झाली होती. हे कप्तानांच्या लक्षात आलं आणि त्यांना भडभडून आलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

“पुरावा मी आहे, मॅडम,” ते म्हणाले. “ही राणी मी रचली. एकतीस वर्षं या माइकवरून थापा मारल्या, तेही लिहून घ्या. ही मुलगी म्हणते तेच खरं.”

“तुम्ही हिचे कोण?”

“बाप.”

बायकोसमोरसुद्धा कधी चूक कबूल न केलेला हा माणूस सगळ्या प्रवाशांसमोर खोटा ठरून उभा होता, आणि छाती बघावी तर फुगलेली. बाईंनी त्या दोघांकडे पाहिलं. मग प्रश्नपत्रिकेवरच्या त्या ओळीवर काट मारली, वही उघडली आणि पोरीला म्हणाल्या, “तुम्ही पास आहात, पण ते शिशाचं पुन्हा सांगा. सावकाश. मला उतरवून घ्यायचंय.”

पोरीने सांगायला सुरुवात केली. आजीही कान देऊन ऐकायला लागल्या. कप्तानांनी ओले डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून तोंड नदीकडे वळवलं आणि ऐकत राहिले. त्या मनोऱ्याचं खरं काय ते त्यांनाही आजच कळत होतं, आणि तेही आपल्या लेकीकडून.