नऊ कोऱ्या ओळी

आमची ही गेली ते सकाळी अकरापर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं. काडीला मात्र संध्याकाळी सहाला कळलं. ती रोजच्यासारखी आमच्या लाँड्रीवर आली, तर शटर खाली. शेजारच्या केस कापणाऱ्याने तिला सांगितलं. ती तिथेच पायरीवर बसून राहिली, असं तो मला नंतर म्हणाला. मी दुकानामागच्या खोलीत पडून होतो. हाक मारली असती तरी उठलो नसतो.

काडी म्हणजे एकोणीस वर्षांची मुलगी. अंगकाठी बघून हे नाव आमच्या हिनेच ठेवलेलं. दोन टवाळ मित्रांच्या नादाने तिने समोरच्या औषधवाल्याची काच फोडली आणि काउंटरवरचा मोबाइल उचलला. मित्र पळाले, काडी सापडली. पहिलीच वेळ म्हणून कोर्टाने तिला तुरुंगात पाठवलं नाही. सहा महिने कोणा जबाबदार माणसाने तिला रोज संध्याकाळी एक तास कामाला बसवायचं आणि वहीत तिची सही घ्यायची. खाडे झाले तर सरळ आत.

"मी घेते तिला," ही म्हणाली.

"नसती ब्याद," मी म्हटलं.

"आत टाकली तरी सुटून ती आपल्याच गल्लीत येणार ना? मग आत्ताच येऊ दे."

हिच्यापुढे माझं कधी चाललं नाही. औषधवाल्याने मात्र त्या दिवसापासून आमच्याशी बोलणं टाकलं. कपडेही दुसरीकडे द्यायला लागला.

चार महिने काडी आली. पहिल्या आठवड्यात तिने तीन कॉलरी जाळल्या. "अगं, इस्त्री आहे ती, कोणाचा सूड उगवतेस?" ही ओरडायची, आणि गिऱ्हाईक आलं की स्वतःच्या हातून जळली म्हणून सांगायची.

दहाव्या दिवशी मी शटर उघडलं. सहाला काडी आली आणि म्हणाली, "काका, वही."

मी वही काढली. महिन्याच्या सगळ्या तारखा आधीच लिहून ठेवायची हिची सवय. सहापासून चौदापर्यंत हिच्या अक्षरात नऊ तारखा होत्या आणि त्यांच्यासमोर सहीची जागा नुसती कोरी. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, मी काय करून बसलो ते. दुकान मी बंद ठेवलं होतं. खाडे तिच्या नावावर पडले होते. सोमवारी कोर्टाकडून देखरेखीच्या बाई वही तपासायला येणार होत्या.

"तू आली होतीस?"

"रोज आले."

"मग दार वाजवायचंस की!"

"तुमचं माणूस गेलेलं, काका. सहीसाठी कुठे उठवू तुम्हाला?"

केस कापणारा कात्री हातात घेऊनच आला होता. तो म्हणाला, "दादा, भरून टाका ना. एका बैठकीत नऊ सह्या. बाई काय भिंग घेऊन येणार आहेत?"

काडीने पेन उचललं. पहिल्या तारखेपाशी टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिने सही केली असती, मी हो म्हटलं असतं तर. पण त्या तारखा हिने लिहिलेल्या होत्या. त्यांच्यासमोर खोटं लिहू द्यायला माझं मन होईना. मी पेन काढून घेतलं. "आजची कर फक्त," म्हटलं.

सोमवारी बाई आल्या. मी झालं ते सांगितलं. केस कापणाऱ्याने शपथ घेतली. पलीकडच्या शिवणवाल्या वहिनी मशीन सोडून आल्या आणि काडी रोज येत होती म्हणून सांगून गेल्या.

बाईंनी वही मिटली. "तुम्ही सगळे तिच्या बाजूचे. मला हे वर कळवावं लागेल."

मी चपला घातल्या आणि समोर गेलो.

औषधवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय पाहिजे?"

"ते नऊ दिवस ती आली होती का? तुम्हाला दुकानातून सगळं दिसतं."

"न दिसायला काय झालं? आमच्या दुकानाकडे तोंड करून बसायची. मला वाटलं, परत काच फोडायला आली. सहा ते सात मी काउंटर सोडला नाही. चहासुद्धा प्यालो नाही नऊ दिवस."

"काय करायची ती?"

"कुलूप हलवून बघायची. तुमच्या पायरीवरचा कचरा झाडायची. मग बसायची सातपर्यंत." वर बोट दाखवून तो म्हणाला, "कॅमेऱ्यातही असेल. तिच्याच कृपेने बसवलाय."

"एवढं येऊन सांगता का?"

त्याने पांढरा कोट काढून खुर्चीवर टाकला. आमच्या दुकानात येऊन बाईंना म्हणाला, "मी या पोरीच्या बाजूने बोलत नाही. पाहिलं ते सांगतो." आणि नऊच्या नऊ दिवस सांगितले.

बाईंनी सगळं लिहून घेतलं, त्याची सही घेतली. खाडे धरणार नाही म्हणाल्या. काडी आत जाऊन नळ सोडून रडली. आम्ही ऐकू न आल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी औषधवाल्याने दोन कोट आणून टाकले. काडीला म्हणाला, "कॉलर जाळलीस ना, तर बघ."

"तुमच्या कोटाला कॉलर उरलीये कुठे?" काडी म्हणाली. तो हसला नाही, पण कोट परतही नेले नाहीत.

सोमवारी जाताना बाई मला एक सांगून गेल्या होत्या. कोर्टाच्या कागदावर जबाबदार माणूस म्हणून अजून हिचंच नाव आहे. ते बदलून माझं लावायचं, तर अर्जासोबत हिच्या मृत्यूचा दाखला जोडायला हवा. शुक्रवारपर्यंत दिला नाही, तर काडीला दुसरीकडे नेतील, आणि दुसरी जागा नाही मिळाली तर आत.

अर्ज भरून ठेवलाय. दाखल्याच्या खिडकीपर्यंत दोनदा गेलो, हिचं नाव सांगायची वेळ आली आणि परत आलो. आज गुरुवार आहे. दाखला अजून आणलेला नाही.